डावीकडचा कारभारी

वर्डप्रेसवर चालणाऱ्या कुठल्याही साइटच्या पत्त्यापुढे ‘डब्ल्यूपी-ॲडमिन’ टाका, नाव-पासवर्ड द्या, की वर्डप्रेसचा हा ॲडमिन दारात हजर. डाव्या बाजूला काळपट उभी पट्टी, माथ्यावर तशीच आडवी फीत आणि उजव्या कोपऱ्यात तुमचं नाव घेऊन केलेला रामराम. जगातल्या दर पाच वेबसाइटींमागे दोन वर्डप्रेसवर चालतात आणि त्या सगळ्या घरांचा कारभार हा बघतो. वाचकांच्या नजरेला तो कधी पडत नाही. साइट देखणी असली की लोक थीमचं नाव विचारतात, याचं कुणी विचारत नाही. रात्री साडेअकराला छापून गेलेल्या लेखातली चूक सुधारायला जे धावतात, त्यांचीच याच्याशी खरी ओळख. तुमची आज करून देतो.

त्याच्या मेनूला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी त्याचं आधीचं रूप बघायला हवं होतं. वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी बाहेर आलं आणि पुढची साडेपाच वर्षं हा मेनू डोक्यावर आडवा घेऊन वावरत होता. मार्च २००८ मध्ये, २.५ या आवृत्तीच्या वेळी, हॅपी कॉग या नावाजलेल्या डिझाइन संस्थेच्या मदतीने त्याचा कायापालट झाला. दिसायला नेटका झाला, पण चालायला अवघड. वरच्या पट्टीत ‘लिहा’, ‘सांभाळा’, ‘सजवा’ अशा अर्थाचे विभाग होते. नवं पान करायचं तर ‘लिहा’मध्ये जायचं, तेच पान दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचं तर ‘सांभाळा’मध्ये. एकाच वस्तूचे दोन पत्ते! शिवाय लेखाचे वर्ग आणि टॅग बाजूच्या रकान्यातून उचलून लिहिण्याच्या चौकटीखाली नेऊन ठेवलेले. रोज लिहिणाऱ्याला प्रत्येक लेखामागे खाली उतरावं लागे आणि पुन्हा वर यावं लागे. लोक वैतागले, आणि त्यांचा वैताग रास्त होता.

यानंतर जे झालं, त्यामुळे मला हा गडी मनापासून आवडतो. नुसती रंगरंगोटी बदलून त्याने वेळ मारून नेली नाही. वर्डप्रेसच्या चमूतल्या जेन वेल्स यांच्या पुढाकाराने वापरणाऱ्या माणसांना त्याच्यासमोर बसवण्यात आलं. हे काम करा, ते शोधा, असं सांगून त्यांची नजर कुठे जाते आणि कुठे अडते, हे यंत्र लावून टिपलं. त्यातून ‘क्रेझीहॉर्स’ नावाचा कच्चा नमुना तयार झाला. तोही पुन्हा माणसांपुढे ठेवून तपासला. मेनू डोक्यावरून उतरून डावीकडे उभा राहिला. एका वस्तूचं सगळं काम एका नावाखाली आलं: लेख नवा असो वा जुना, ‘पोस्ट्स’मध्ये. वरच्या गटात रोज लागणारं, म्हणजे लेख, मीडिया, पानं, प्रतिक्रिया. खालच्या गटात कधीमधी लागणारं, म्हणजे थीम, प्लगइन, सदस्य, टूल्स, सेटिंग्ज. आडव्या पट्टीत आठ-दहा शब्दांत जागा संपते, उभ्या यादीला खाली वाढता येतं. शिवाय पडदे तेव्हा रुंद होत चालले होते, बाजूला जागा मोकळीच होती. डिसेंबर २००८ मध्ये २.७ ही आवृत्ती आली, तिला जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाचं नाव दिलं. मार्चमध्ये घातलेला थाट डिसेंबरात उतरवायला मन मोठं लागतं.

जॅझ संगीताचा षोक त्याच्या घराण्यातच आहे. मोठ्या आवृत्त्यांना जॅझ कलावंतांची नावं देण्याची चाल अगदी १.० पासूनची, तिचं नाव माइल्स डेव्हिसवरून. ‘हॅलो डॉली’ नावाचं एक छोटंसं प्लगइन वर्षानुवर्षं त्याच्यासोबत आलं. ते सुरू केलं की लुई आर्मस्ट्राँगच्या त्या गाण्यातली एकेक ओळ हा पडद्याच्या वरच्या कडेला गुणगुणत राहतो. त्याचा कामाला काडीचा उपयोग नाही. मी बरेच दिवस चालू ठेवलं होतं.

डावीकडचा क्रम २००८ पासून जवळजवळ तोच आहे. या क्रमाच्या मागे नंबर असतात, ते फक्त प्लगइन लिहिणाऱ्यांना दिसतात. डॅशबोर्ड २, पोस्ट्स ५, मीडिया १०, पानं २०, प्रतिक्रिया २५. मग मोठी मोकळी जागा, आणि ६० पासून पाचपाचाच्या अंतराने थीम, प्लगइन, सदस्य, टूल्स, सेटिंग्ज. मधली अंतरं पाहुण्यांसाठी राखलेली आहेत. दहा आणि वीसच्या मधला १५ नंबर ‘लिंक्स’चा. मित्रांच्या ब्लॉगांची यादी तिथे ठेवायची, अशी २००३-०४ सालची पद्धत. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.५ पासून नव्या साइटींवर तो विभाग दिसेनासा झाला. नंबर मात्र याने अजून त्याच विभागाच्या नावावर ठेवलाय, कारण कुठल्यातरी जुन्या साइटवर ती यादी अजून नांदते आहे आणि तिला उठवायचं नाही, असं याने ठरवलंय. जुन्याला न दुखवणं हा त्याचा स्वभाव.

याच स्वभावापायी तो अडचणीत येतो. कुणालाही नाही म्हणता येत नाही. प्लगइन बसवलं की ते सेटिंग्जच्या पोटात गपगुमान बसायला तयार नसतं, त्याला डाव्या पट्टीत स्वतःची पाटी हवी असते, तीही वरच्या बाजूला. दोघांनी एकच नंबर मागितला तर पूर्वी दुसरा पहिल्याला पुसून टाकायचा. आता हा दुसऱ्याच्या नावावरून एक इवलासा अपूर्णांक काढतो आणि तो नंबरात मिळवून त्याला पहिल्याच्या लगेच खाली सरकवतो. दोघंही खूश. पण अशा पंधरा-वीस पाट्या झाल्या की सेटिंग्जपर्यंत पोचायला चाक फिरवत खाली जावं लागतं, आणि २००८ मध्ये इतक्या मेहनतीने बसवलेला ‘रोजचं वर, कधीमधीचं खाली’ हा क्रम पार विस्कटतो.

पाट्यांपेक्षा वाईट म्हणजे सूचना. पानाच्या माथ्यावर हा कुणालाही सूचना लावू देतो. खरी सूचना म्हणजे ‘नवी आवृत्ती आली आहे, अपडेट करा’. तिच्या वर-खाली ‘आम्हाला पाच तारे द्या’, ‘प्रो घ्या’, ‘सवलत आजच्यापुरतीच’. निवडणूक, वाढदिवस आणि नियुक्तीच्या फ्लेक्सांमागे चौकातला दिशाफलक झाकला जावा, तसं नेमकं हवं ते दिसेनासं होतं. मग माणूस न वाचताच फुल्या मारत सुटतो, आणि एक दिवस सुरक्षेची सूचनाही त्याच फुल्यांमध्ये जाते. माझा राग त्या प्लगइनवाल्यांवर जास्त आहे, पण माथ्यावरची जागा मोकाट सोडली ती यानेच.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिका एका त्रैमासिकाचं संपादन करतात. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. साइट बनवून देणाऱ्याने त्यांना ॲडमिनिस्ट्रेटर करून ठेवलं होतं, मान म्हणून. त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा माउस डाव्या पट्टीवरून खाली जात होता, थबकत होता, पुन्हा वर येत होता. शेवटी म्हणाल्या, “अहो, मला एक लेख चढवायचाय. हे बाकी सगळं कुणाचं आहे?”

ते बाकी सगळं डेव्हलपरचं होतं. बाईंची भूमिका ॲडमिनिस्ट्रेटरवरून एडिटर केली आणि पान पुन्हा उघडलं. थीम गेली, प्लगइनं गेली, सेटिंग्ज गेल्या. उरल्या सात ओळी: डॅशबोर्ड, पोस्ट्स, मीडिया, पानं, प्रतिक्रिया, प्रोफाइल, टूल्स. त्यांच्या साइटवरच्या बहुतेक प्लगइनांच्या पाट्याही पाठोपाठ निघून गेल्या. मग स्क्रीन ऑप्शन्स उघडून लेखांच्या यादीतले नको असलेले रकाने बंद केले आणि डॅशबोर्डवरच्या चौकटींतली एक सोडून बाकीच्यांची टिक काढली. काही नवीन बसवलं नाही, कोडची एक ओळ लिहिली नाही. “एवढंच होतं होय!” असं म्हणून बाईंनी लेख चढवायला घेतला.

हे काम प्रत्येक साइटवर व्हायला हवं आणि फार थोड्या साइटींवर होतं. ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, काँट्रिब्यूटर, सबस्क्रायबर या पाच भूमिका त्याच्याकडे पूर्वीपासून आहेत, आणि माणूस पाहून मेनू आखडता घेण्याची कला त्याला उत्तम येते. आपण मात्र सगळ्यांना मालक करून ठेवतो आणि मग गर्दी होते म्हणून त्याला बोल लावतो. एक इशारा डेव्हलपर मित्रांना. कोड लिहून नुसती मेनूतली ओळ काढली तर ती फक्त दिसायची थांबते. ज्याला त्या पानाचा पत्ता ठाऊक आहे तो थेट आत जातो. खरं कुलूप भूमिकेच्या अधिकारांचं, मेनूतून पाटी उतरवण्याचं नव्हे.

हा जरा संकोची आहे, हेही सांगायला हवं. चांगल्या गोष्टी कोपऱ्यात ठेवतो. वर ज्याचा उल्लेख आला ते स्क्रीन ऑप्शन्सचं बटण उजवीकडे वर, ‘हेल्प’च्या शेजारी, बारीक अक्षरात असतं आणि वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनाही ते सापडलेलं नसतं. लेखांच्या यादीत ‘एडिट’, ‘क्विक एडिट’, ‘ट्रॅश’ हे शब्द माउस त्या ओळीवर नेल्याशिवाय दिसत नाहीत. मेनूच्या तळाशी ‘कॉलॅप्स मेनू’ आहे, तो दाबला की पट्टी आकसून नुसती चिन्हं उरतात. छोट्या लॅपटॉपवर त्यामुळे लिहायला केवढी जागा मिळते!

काही वस्तू तर भलत्याच खणात. शोधयंत्रांना ‘या साइटकडे फिरकू नका’ असं सांगणारी चौकट आहे, तिच्यासारखी महत्त्वाची चौकट दुसरी नसेल. ती ‘रीडिंग’ नावाच्या पानाच्या तळाशी आहे. साइट तयार होत असताना तिथे टिक करतात आणि उद्घाटनाच्या धांदलीत काढायची राहते. मग महिनाभर सगळे विचारत असतात, आपण गुगलवर का दिसत नाही? याने डॅशबोर्डवर एका ओळीत तसं लिहिलेलं असतं, पण इतक्या हळू आवाजात की कुणाच्या कानावर जात नाही. ओरडायला हवं तिथे हा कुजबुजतो, आणि प्लगइनं ओरडतात तेव्हा गप्प बसतो. त्याच्या मांडणीतला एकच दोष सुधारायची मुभा मला मिळाली, तर मी हाच सुधारीन.

नटण्याची हौस डिसेंबर २०१३ मध्ये भागली. ३.८ मध्ये फिकट करड्या रंगाला रजा मिळाली, गडद पट्टी आली, चिन्हं कितीही मोठी केली तरी फाटेनाशी झाली, आठ रंगसंगती आल्या आणि फोनवरही तो नीट उभा राहू लागला. हे नवं रूप आधी ‘एमपी६’ नावाच्या प्लगइनमधून कुणालाही घालून पाहता येत होतं. मेनूच्या क्रमाला मात्र हात लावला नाही. शहाणपणाची गोष्ट.

तेवढं शहाणपण पुढे टिकलं नाही, असं मला वाटतं. २०१८ मध्ये ब्लॉक एडिटर आला, आणि मार्च २०२० च्या ५.४ पासून तो उघडला की पडदाभर पसरतो. डावी पट्टी पूर्ण नाहीशी. परत यायचं तर वरच्या डाव्या कोपऱ्यातलं वर्डप्रेसचं चिन्ह दाबायचं, पण ते दाबायचं असतं हे कुठे लिहिलेलं नाही. बाई पहिल्यांदा तिथे अडकल्या तेव्हा त्यांनी खिडकीच बंद केली आणि पुन्हा लॉगिन केलं. ब्लॉक थीम घेतली तर थीमच्या मेनूतलं ‘मेनूज’ आणि ‘विजेट्स’ही जागेवर नसतं. ज्यांची बोटं बारा-पंधरा वर्षं डोळे मिटून तिथे जात होती, त्यांना पुन्हा चाचपडावं लागतं.

अलीकडे एक चांगली सवय त्याने लावून घेतली आहे. कंट्रोल आणि के एकत्र दाबा, हव्या त्या पानाचं नाव टाइप करा, तो थेट तिथे नेतो. ऑगस्ट २०२३ च्या ६.३ मध्ये ही सोय एडिटरपुरती होती, पुढे डॅशबोर्डभर आली. सराईत माणसाचे कष्ट वाचतात. पण ज्याला नावच ठाऊक नाही त्याला अजूनही डावीकडेच बघावं लागतं. २०२३ पासून संपूर्ण ॲडमिनचं रूप पुन्हा आखायची चर्चा चालू आहे. आखणाऱ्यांनी दोन गोष्टी मनावर घ्याव्यात: सूचनांना एक ठरलेली जागा द्यावी, आणि वरच्या गटात प्लगइनांना पाटी लावू देऊ नये. आणि कच्चा नमुना तयार झाला की तो पहिल्यांदा बाईंसारख्या कुणासमोर ठेवावा, डेव्हलपरांना नंतर दाखवला तरी चालेल.