तेरा गोळ्या

"गोळी रोज घेताय ना?" रत्नागिरीतल्या दवाखान्यात आप्पांना दर महिन्याला हा प्रश्न व्हायचा आणि आप्पा "हो तर!" म्हणायचे. प्रेशर मात्र कधी १३८, कधी १६४.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांचा गोळ्यांचा डबा कॉटवर उपडा केला. ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, दहाच्या तीन स्ट्रिप आणून २६ दिवस झालेले. चार गोळ्या उरायला हव्या होत्या, उरल्या होत्या तेरा. म्हणजे २६ पैकी १७ दिवस, शेकडा ६५. अभ्यासक साधारणपणे शेकडा ८० दिवस औषध घेतलं तर त्याला नियमित म्हणतात.

अर्थात स्ट्रिपमधून फोडलेली गोळी गिळलीच असेल असं नाही. संशोधनात त्यासाठी बाटलीच्या झाकणात चिप बसवतात, झाकण उघडल्याची वेळ तिच्यात नोंदली जाते. आपल्याकडे क्षयरोगासाठी '९९डॉट्स' आलं. त्यात गोळी फोडल्यावरच तिच्यामागे दडलेला नंबर दिसतो आणि रुग्णाने त्यावर फुकटचा फोन लावायचा. आमच्या घरी मोजायला मीच होते.

विचारण्याचीही एक रीत आहे. मोरिस्की आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली चार साधे प्रश्न मांडले. विसरता का, वेळेबाबत हयगय होते का, बरं वाटलं की थांबवता का, त्रास झाला की थांबवता का. चारपैकी कोणत्याही प्रश्नाला "हो" म्हणजे गोळी चुकते. त्यामुळे नुसतं मान डोलावून सुटका होत नाही. मी तसंच विचारलं, "आप्पा, गोळीने काही त्रास होतो म्हणून राहते का?"

ते बराच वेळ पागोळ्यांकडे बघत बसले. मग लेंगा वर सरकवून घोट्याच्या वर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"घेतली की पाय भरतात गो. चपलेचा पट्टा रुततो."

डॉक्टरांकडे जायच्या आधीचे चार दिवस मात्र ते न चुकता घ्यायचे. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात, तेव्हा तेवढ्या गोळ्यांवरही दवाखान्यातला आकडा कधीकधी बरा दिसायचा. मला त्यांचा राग आला नाही. पाय सुजतात हे सांगायला त्यांना कोणी जागाच ठेवली नव्हती, मीसुद्धा नाही.

पायांची सूज हा या गोळीचा माहितीतला त्रास. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि तिच्याऐवजी टेल्मिसार्टन लिहून दिलं.

अशी विचारपूस घरापुरतीच राहायला नको. शेजारचा सिंधुदुर्ग हा २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. या उपक्रमात किती रुग्णांचं प्रेशर १४०/९०च्या खाली आलं हे पाहतात, तसंच कोण तपासणीला फिरकलंच नाही हेही पाहतात. न आलेल्यांना फोन जातो. न आलेल्यांची ही यादी मला जास्त मोलाची वाटते. बरं वाटलं की जे मुंबईला लेकाकडे महिनाभर जातात, ती आमच्याकडची माणसं त्याच यादीत सापडतील.

आता रात्री जेवण झालं की आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलने टिकली काढतात. सप्टेंबरच्या ३० चौकटींपैकी २८ भरल्या. उरलेले दोन दिवस घर गणपतीला आलेल्या मुंबईकरांनी भरलेलं होतं. त्या दोन चौकटी त्यांनी रिकाम्याच ठेवल्यात.