खिशातले पाते

माणसाची पारख चेहऱ्यावरून करावी, असे सामुद्रिक जाणणारे सांगतात. मला ती खिशावरून करणे अधिक भरवशाचे वाटते. घराबाहेर पडताना माणूस चेहरा नीटनेटका करून घेतो. खिशाकडे त्याचे लक्ष नसते. मास्तराच्या खिशात खडूचा तुकडा निघतो, कंडक्टरच्या खिशात सुटी नाणी खुळखुळतात, आणि आजोबांच्या बंडीत हमखास अडकित्ता सापडतो. मात्र कुणाच्या खिशातून चाकू निघाला, की आपण दोन पावले मागे सरतो! हा दोष चाकूचा नव्हे, हिंदी चित्रपटांचा आहे. रामपुरी चाकू त्यांनी खलनायकांच्या हाती इतक्या वेळा दिला, की खटक्याचा आवाज ऐकताच आपल्या पोटात गोळा येतो. खुद्द रामपूरला मात्र त्याची लाज वाटत नाही. 2023 साली तिथल्या चौकात वीस फुटी चाकू उभा राहिला.

आमच्या कापडे गावात पात्याचे कुणाला भय वाटत नाही. आमच्या पोलादपूर तालुक्याच्या नावातच पोलाद आहे. रानात जाणारा गडी कमरेला कोयती अडकवल्यावाचून निघत नाही. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात. 1670 साली सिंहगडावर तळपलेल्या तलवारीला पोवाडा लाभला. खिशातल्या चाकूवर कुणी पोवाडा रचणार नाही. पण तलवारीची कामगिरी एका रात्रीची असते आणि चाकूची रोजची. रोज उपयोगी पडणाऱ्यांचे पोवाडे कोण गातो?

हा विचार माझ्या मनात आला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. रस्त्याकडेला त्याने मोटारसायकल दुरुस्तीचे छोटे गॅरेज घातले आहे. गणपतीच्या आधी, मुंबईकरांच्या गाड्या यायच्या सुमारास, तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “गुरुजी, रोजच्या कामाला एक चाकू घ्यायचाय. कुठला घेऊ?”

“अरे, मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. मला चाकूतले काय विचारतोस?”

“तुमच्या कादंबरीत दोन खून आहेत की, गुरुजी!”

यावर काय बोलणार? पण तो थट्टेसाठी आलेला नव्हता. ज्या मिस्त्रीच्या हाताखाली तो शिकला, त्याची उजव्या हाताची तर्जनी पेरापासून वाकत नाही. नळीत अडकलेला साधा घडीचा चाकू मागे ओढताना पाते मिटले आणि बोटाची शीर तुटली. मेकॅनिकची बोटे म्हणजे त्याच्या घरची चूल. बारीक नट अंधारात चाचपून बसवायचा तो याच बोटांनी. तेव्हा हा प्रश्न दीडदोनशे रुपयांच्या वस्तूचा नव्हता, दहा बोटांचा होता.

मी त्याला विचारले, “चाकूने तू दिवसभर करतोस काय?” त्याने यादी सांगितली : वायरीची साल काढणे, रबरी नळी कापणे, पॅकिंगचा कागद कातरणे, चिकटपट्टी तोडणे. यादी इथे संपली असती तर बरे होते. पुढे तो म्हणाला, “आणि कधी स्क्रू पिळतो, झाकण उचकटतो, इंजिनाला चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडतो.”

मला वाटते, चाकू निवडण्याची किल्ली या यादीच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. आपल्याला चाकूकडून काय करून घ्यायचे नाही, हे ज्याने ठरवले, त्याची अर्धी निवड झाली. पाते कापण्यासाठी घडलेले असते. पहार म्हणून वापरले की त्याचे टोक मोडते, आणि मोडलेले टोक कुणाच्या डोळ्याकडे उडेल याचा नेम नसतो. इंजिनाचा ॲल्युमिनियमचा सपाट भाग पोलादी पात्याने खरवडला, तर त्यावर ओरखडे उठतात आणि नव्या पॅकिंगखालूनही तेल पाझरू लागते. बॅटरीपाशी पाते नेण्यापूर्वी तिची ऋण बाजूची वायर सोडवावी, नाहीतर ठिणग्या उडतात.

उरलेली निवड मग सोपी होते. पाते तीन इंचांचे पुरे. सरकारी नियमांत नऊ इंचांहून लांब पाते हत्यारांत मोडते खरे, पण आपल्याला तिथवर जायचेच नाही. उघडल्यावर ते जागी पक्के बसले पाहिजे, आणि कळ सोडवल्याखेरीज मिटता कामा नये. टोक मेंढीच्या खुरासारखे बोथट असले, तर नळी कापताना ते भलतीकडे रुतत नाही. मूठ खरखरीत हवी, कारण तेलकट हातातून पितळेची गुळगुळीत मूठ माशासारखी निसटते. मुठीचा रंग भडक असावा, म्हणजे गवतात पडली तरी दिसते.

राहता राहिला पोलादाचा प्रश्न. साधे काळे पोलाद दगडावर चटकन धार घेते. पण आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ते तांबेऱ्याला बळी पडते. त्याला रोज तेलाचे बोट लावावे लागते. क्रोमियम मिसळलेले स्टेनलेस पाते गंज दूर ठेवते, पण धार लावताना घाम काढते. ज्याच्या दुकानात तेलाला तोटा नाही, त्याने दोहोंतले कुठलेही घ्यावे. ज्याला आळस आहे, त्याने स्टेनलेस घ्यावे.

एकाच मुठीत सारी हत्यारे हवीत, हा मोह जुना आहे. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर याने 1891 साली सैन्याला चाकू पुरवले. त्यांत पेचकस होता, कारण सैनिकाला बंदूक उकलावी लागे. आणि डबा उघडायची सोयही होती. पुढे टिम लेदरमन नावाचा अमेरिकन 1975 साली जुन्या फियाट गाडीतून युरोप हिंडला. गाडी वाटेत रुसे, खिशात चाकू असे, पण पक्कड नसे. त्या हळहळीतून त्याने पक्कड आणि चाकू एकत्र केले, आणि 1983 पासून ते विकायला काढले. प्रवाशाला हे वरदानच आहे. पण ज्याच्या पाठीशी पान्यांची पेटी मांडलेली आहे, त्याने खिशात दुसरी पेटी कशाला वागवावी?

माझ्या विद्यार्थ्याने महाडच्या बाजारातून एकाच पात्याचा, पक्क्या कळीचा, नारिंगी मुठीचा चाकू आणला. दसऱ्याला त्याच्या गॅरेजात गेलो तेव्हा तो पान्यांच्या रांगेत झेंडूची फुले अंगावर घेऊन बसला होता. शेजारी एक बांबूची कामटी होती, टोकाला तिरपी तासलेली. तिलाही कुंकू लावलेले.

“ही कशाला रे?”

“पॅकिंग खरवडायला, गुरुजी. बांबूनं इंजिनाला ओरखडा येत नाही. त्याच चाकूनं तासली.”

जे काम आपले नव्हे, त्यासाठी चाकूने दुसरा कामकरी घडवून दिला होता. माणसांनाही हे जमायला हवे.