टपरीवरील समता

परवां एका माध्यमिक शाळेच्या चालकांनीं आम्हांस व्यसनमुक्तीच्या समारंभाचे अध्यक्ष म्हणून बोलाविलें. आम्ही सुपारीचें खांडहि न खाणारे. तेव्हां निवड योग्यच झाली, असा आमचा समज झाला. मुलांनीं हात पुढें करून प्रतिज्ञा म्हटली, मुख्याध्यापकांनीं प्रास्ताविक केलें, आणि आम्ही तंबाखूच्या दुष्परिणामांवर पाऊण तास बोललों. व्यासपीठावरून सारी शाळा दिसत होती. अगदीं शेवटच्या रांगेंत पांचसहा मुलें होतीं. प्रतिज्ञा चालू असतां त्यांचे हात पुढें होते, ओठ मात्र हलत नव्हते. बोलतां बोलतां आमची दृष्टि वारंवार त्यांच्याकडेच जाई. कारण शेवटच्या रांगेशीं आमचा एक जुना हिशेब राहिलेला आहे.

१९८४ सालची गोष्ट. आम्ही आठव्या इयत्तेंत होतों. आमच्या बांकावर गांवकुसाबाहेरील वस्तींतून चालत येणारा एक मुलगा बसत असे. बीजगणित म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. आमच्या वर्गशिक्षकांची एक रीत होती. शिष्यवृत्तीचे अर्ज आले कीं ते भर वर्गांत म्हणत, "सवलतवाले, उभे राहा." सातआठ मुलें उभीं राहत, आणि अर्ज वाटून होईपर्यंत तशींच उभीं असत. त्यांत शिवी नव्हती, छडी नव्हती. म्हणून त्यांत कांहीं वावगें आहे, हें बसून राहिलेल्या आम्हां मुलांच्या ध्यानांतहि येत नसे.

एका चांचणींत त्या मुलाला बीजगणितांत सर्वांत अधिक गुण मिळाले, व त्याच्या खालोखाल आम्हांला. दोघांच्या उत्तरांत एकच चूक एकाच ठिकाणीं होती. शिक्षकांनीं त्याला उभें केलें आणि विचारलें, "कुणाचं बघून लिहिलंस?" त्यानें एकदां आमच्याकडे पाहिलें व मान खालीं घातली. खरी गोष्ट अशी कीं, नक्कल आम्हीं केली होती. आम्ही गप्प राहिलों.

दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बांकावर बसूं लागला. दिवाळीनंतर मधल्या सुटींत तो एस. टी. स्थानकाजवळच्या टपरीवर दिसूं लागला. तेथें हमाल, क्लीनर, नापास झालेलीं थोराड मुलें असत, आणि तंबाखू, चुना व सुपारी घोटून केलेला मावा या हातावरून त्या हातावर फिरे. नववींत त्यानें शाळा सोडली.

कांहीं वर्षांपूर्वीं तो आम्हांस एका रुग्णालयाच्या व्हरांड्यांत भेटला. सुपारीनें गाल आंतून ताठ झाले होते. तोंड पुरतें उघडत नव्हतें. आम्हीं संवयीप्रमाणें उपदेशाचा सूर लावला: "एवढा हुशार तूं, ह्या नादाला कसा लागलास?" तो सावकाश म्हणाला, "तिथं कुणी आडनांव विचारीत नव्हतं रे. पुडी सोडली की पहिली चिमूट मला द्यायचे." चांचणीची गोष्ट त्यानें काढली नाहीं. आम्हींहि काढली नाहीं.

मूल वाईट संगतीनें बिघडतें, असें आपण नेहमीं म्हणतों. पण संगत पारखून घेण्याची चैन ज्याला दुसरी संगत मोकळी आहे त्यालाच परवडते. उत्तरेकडे बहिष्काराला 'हुक्कापाणी बंद' करणें म्हणतात. माणसाला समाजांतून तोडावयाचें तर त्याच्याबरोबर धूर व पाणी घेणें सोडावें, हें मर्म जुन्या पंचांना ठाऊक होतें. आमच्या वर्गानें ज्याचें हुक्कापाणी बंद केलें, त्याला टपरीनें तें पुन्हां चालू करून दिलें. मात्र त्याची जबर किंमत वसूल केली.

अमेरिकेंत गिबन्स, जेरार्ड प्रभृति संशोधकांनीं कृष्णवर्णीय कुटुंबांतील आईबाप व मुलें यांचा कांहीं वर्षें मागोवा घेऊन २००४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. भेदभाव सोसलेल्या मुलांत राग सांचतो, व्यसनी मित्रांकडे त्यांचा ओढा वाढतो, आणि घरीं मायेचा आधार असेल तर हा धोका कमी होतो, असें त्यांना आढळलें. देश निराळा, भेदाचें निमित्त निराळें. टपरीकडे जाणारी वाट मात्र ओळखीची आहे.

कोणी म्हणेल, ज्यांचा कधीं अपमान झाला नाहीं अशा सुखवस्तु घरांतलीं मुलेंहि सिगारेट ओढतात. खरें आहे; व्यसनाच्या घराला अनेक दारें आहेत. कोणी म्हणेल, साताऱ्याच्या शाळेंत घरून आणलेल्या गोणपाटावर ज्यांना वेगळें बसावें लागलें, ते डॉ. आंबेडकर ग्रंथांकडे वळले. हेंहि खरें. परंतु प्रत्येक मुलानें आंबेडकर व्हावें अशी अट घालण्यापूर्वीं आपण गोणपाट उचलावें, हें बरें. १९५० सालीं राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. गोणपाट गेलें, "सवलतवाले, उभे राहा" हें त्याचेंच सूत आहे.

शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकूं नये, असा २००३ चा कायदा आहे. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. तरी २०१९ च्या पाहणींत देशांतील तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं ८.५ टक्के तंबाखूचें सेवन करणारे आढळले. बंदी असावीच. पण फाटकापासून टपरीपर्यंतचें अंतर कायद्याला मोजतां येतें; पहिल्या बांकापासून शेवटच्या बांकापर्यंतचें अंतर शिक्षकावांचून कोण मोजणार?

हें सारें त्या समारंभांत बोलावें असें मनांत आलें होतें. बोललों नाहीं. शाल व नारळ घेऊन घरीं आलों. म्हणून आतां येथें लिहीत आहों. प्रतिज्ञा मुलांकडून म्हणवून घेण्याची आपली चाल आहे. एखाद्या वर्षीं ती मुलांनीं ऐकावी आणि शिक्षकांनीं म्हणावी: माझ्या वर्गांत कोणाला टपरी अधिक आपली वाटेल, असें मी वागणार नाहीं. त्या दिवशीं हात पुढें करणाऱ्यांत आम्ही पहिले असूं. चाळीस वर्षें उशीर आधींच झालेला आहे.