सादळलेली बिस्किटे

आमच्या लहानपणी घरात दोन गुन्हे अक्षम्य समजले जात. एक, शाईची दौत सतरंजीवर सांडणे; आणि दुसरा, बिस्किटांच्या डब्याचे झाकण नीट न लावणे. पहिल्या गुन्ह्याला दोन धपाट्यांत माफी मिळे. दुसऱ्यासाठी मात्र चौकशी समिती बसे. पावसाळ्यात झाकण तासभर जरी उघडे राहिले, तरी आतली बिस्किटे सादळत आणि चहात बुडवण्यापूर्वीच मान टाकत. पाहुण्यांपुढे सादळलेले बिस्किट ठेवण्यापेक्षा घरात कुणी नाही असे भासवून दार न उघडणे बरे, असे आमच्या आईचे मत होते. बिस्किट कसे हवे? कुरकुरीत. नानकटाई कशी हवी? खुसखुशीत. आणि चकली माजघरात खाल्ली, तर ती ओसरीवर ऐकू यायला हवी.

अशा घराण्यात वाढलेल्या माणसाला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, न्यू जर्सीतल्या एका स्वयंपाकघरात, सुनेचा फुलाफुलांचा अ‍ॅप्रन बांधून, बिस्किटे मुद्दाम मऊ कशी करावीत याचे धडे घ्यावे लागले. याला दैवगती म्हणतात.

सुरुवात एका बशीने झाली. आम्ही उभयता मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या हिने, कुणी सांगितलेले नसताना, फडताळ आवरायला काढले आणि त्यात तिला निळ्या काठाची एक बशी सापडली.

"ही आपली नाही," ती म्हणाली. बायकांना हे कसे कळते, देव जाणे. मला स्वतःची चप्पल देवळाबाहेर ओळखता येत नाही.

बशी शेजारच्या आजीबाईंची निघाली. मागच्या नाताळात त्या तिच्यातून कुक्या घेऊन आल्या होत्या. (कुकीचे अनेकवचन आमच्या घरी 'कुक्या' असे होते. नात 'कुकीज' म्हणते, पण व्याकरण माझ्याकडे आहे.) कुक्या त्याच रात्री संपल्या, बशी वर्षभर राहिली.

"दुसऱ्याची बशी वर्षभर घरात?" हिने चिरंजिवांना भर जेवणात विचारले. "काय म्हणत असतील त्या?"

"अगं आई, इथे असं कुणी काही म्हणत नाही. उद्या देऊन येतो."

"रिकामी?"

या एका शब्दावर चिरंजिवांचा वीस वर्षांचा अमेरिकेतला मुक्काम धाडकन कोसळला. आमच्याकडे शेजारचे भांडे रिकामे परत करत नाहीत. निदान चार दाणे साखर तरी त्यात घालतात. आता वर्षभराचे व्याज धरून बशीत काय घालावे, यावर घरात खल सुरू झाला. हिचे मत बेसनाच्या लाडवांना होते.

एवढ्यात डिसेंबरचे बर्फ पडले. आजीबाई दारापुढच्या उतारावर घसरल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. हात प्लास्टरमध्ये, आणि नाताळ दहा दिवसांवर. दरवर्षी सगळ्या गल्लीला कुक्या करून वाटणारी ही बाई, यंदा कणीक मळणार कशी? ही बातमी आमच्या नऊ वर्षांच्या नातीने आणली आणि निर्णयही तिनेच दिला. "लाडू नाही. आपण त्यांना त्यांचीच कुकी करून द्यायची. आजोबा, तू आणि मी."

नात आम्हा सर्वांना 'तू' म्हणते. तिच्या मराठीत 'तुम्ही' अजून आलेला नाही. मुलगा-सून कचेरीत, आणि हिने "अंड्याला मी हात लावणार नाही" असे जाहीर केलेले. उरलो मी.

या कुकीचे नाव स्निकरडूडल. नाव ऐकून मला प्रथम वाटले, की नात थट्टा करते आहे. कुणी म्हणतात, 'श्नेकनूडल' नावाचा गोगलगाईसारखा वळलेला जर्मन पाव आहे, त्यावरून हे नाव आले. कुणी म्हणतात, अमेरिकेच्या त्या ईशान्य भागातल्या लोकांना खाद्यपदार्थांना निरर्थक, गमतीदार नावे ठेवण्याची हौसच होती. मला दुसरे मत पटते. 'घावन' आणि 'धिरडे' या शब्दांचा अर्थ तरी आपण कुठे विचारत बसतो?

कृती सोपी दिसत होती. मैदा पावणेतीन कप, साखर दीड कप, लोणी एक कप, अंडी दोन, खाण्याचा सोडा एक चमचा, मीठ पाव चमचा आणि क्रीम ऑफ टार्टर दोन चमचे. वरून घोळवायला तीन मोठे चमचे साखर आणि एक मोठा चमचा दालचिनीची पूड. लोणी तिथे कांडीने मिळते. दोन कांड्या म्हणजे एक कप, वजनात सुमारे २२७ ग्रॅम. एवढे लोणी एकरकमी वापरताना माझा हात थरथरला. बाळकृष्णानेसुद्धा इतके एका बैठकीत खाल्ले नसावे.

अडचण आली ती क्रीम ऑफ टार्टरची. नावात क्रीम असले, तरी ती निघाली पांढरी कोरडी भुकटी. मी मोठ्या हौसेने त्यावरची माहिती वाचून दाखवली आणि फसलो. द्राक्षाची दारू मुरताना पिंपाच्या आतल्या बाजूला जो क्षार धरतो, तो शुद्ध करून ही भुकटी करतात.

"म्हणजे अंडं झालं, आता दारू!" ही दिवाणखान्यातून म्हणाली. बाहेरच्या खोलीत बसून आतले सगळे ऐकण्याची विद्या तिने कधीच सोडलेली नाही.

मी सांगितले, की यात दारूचा थेंबही नसतो. हे टार्टरिक आम्लाचे मीठ, आणि आपल्या चिंचेचा आंबटपणा तोच, टार्टरिक आम्लाचाच. चिंचेचे नाव काढताच वातावरण निवळले. आमटीत चालते ते कुकीत चालायला तिची हरकत नव्हती. या आंबटाची आणि सोड्याची गाठ पडली, की वायू सुटतो आणि कुकी फुगते. शिवाय जिभेला एक बारीकसा आंबूस चटका लागतो. तो नसेल तर ती स्निकरडूडल नव्हे, नुसती साखरेची कुकी.

दालचिनी मात्र आपली. आपली म्हणजे आपल्या डब्यातली. नाव फारसी 'दारचिनी', म्हणजे चिनी लाकूड किंवा साल. आमच्या घरी ती गोड्या मसाल्यात कुटली जाते, मसालेभातात दाताखाली येते आणि सर्दी झाली की काढ्यात उकळते. तिला साखरेत घोळवून मुलांच्या हातात द्यावे, हे आम्हाला कधी सुचले नाही. ही पूड साखरेत मिसळली, तेव्हा दिवाणखान्यातून आमची ही पहिल्यांदा उठून आत आली. काही बोलली नाही. वास घेऊन परत गेली.

लोणी-साखर फेटून त्यात अंडी घातली, मैदा आणि बाकीचे चूर्ण मिसळले, आणि गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला. थंड केला नाही, तर लोणी भराभर वितळून कुक्या पसरतात आणि सगळ्या पत्राची मिळून एकच कुकी होते. मग लिंबाएवढे गोळे वळून साखर-दालचिनीत घोळवायचे. लाडू वळण्याचा सराव असलेली बाई दारात उभी राहून हे बघत होती. "असे नाही, असे," असे तिच्या बोटांना म्हणायचे होते, पण त्या गोळ्यात अंडे होते.

ओव्हन ३५० अंशांवर तापत ठेवला. फॅरनहाइट हो, आपल्या मोजणीने सुमारे १७७. तो तापेपर्यंत मी नातीला भट्टीची गोष्ट सांगितली. आमच्या लहानपणी कुणाच्या घरी ओव्हन नसे. दिवाळीआधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत रवा, मैदा, साखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीत न्यायचे, आणि आपला नंबर येईपर्यंत तिथेच बसायचे. बसायचे ते पहाऱ्याला. आपले तूप शेजाऱ्यांच्या नानकटाईत जाऊ नये, म्हणून आईने मला नेमलेले असे. भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सारी आणि घड्याळाकडे न बघता बाहेर ओढी. संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी येई. तिचा घास तोंडात विरघळून जाई. खालची बाजू जरा जास्त भाजलेली, खरपूस.

"मग त्याला कसं कळायचं, कधी काढायची?" नातीने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते पुढच्या पंचवीस मिनिटांत मिळायचे होते.

पहिला पत्रा आत गेला. दहा मिनिटांनी घंटी वाजली. मी काचेतून वाकून पाहिले. कडा जेमतेम धरलेल्या, मधला भाग फुगीर, पांढुरका आणि बोट लावले तर आत जाईल असा. थोडक्यात, कच्चा.

"आजोबा, काढ!"

"अगं, कच्च्या आहेत."

"कच्च्या दिसतात. काढ."

हा फरक मला पटला नाही. आयुष्यभर जे दिसते तेच असते, या तत्त्वावर मी हिशेब तपासले आहेत. मी आणखी तीन मिनिटे दिली; मग आणखी तीन. सोळाव्या मिनिटाला कुक्या सुंदर बदामी झाल्या आणि मी विजयी मुद्रेने पत्रा बाहेर काढला. गार झाल्यावर त्यातली एक ओट्यावर पडली, तेव्हा कौल पडल्यासारखा आवाज झाला.

नात रडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "ती बाहेर आल्यावरपण होत असते. पत्रा गरम असतो ना! तुला वाटतं, सगळं आतच व्हायला पाहिजे."

मला एकदम सायकल आठवली. चिरंजीव सात वर्षांचे असताना सायकल शिकत होते आणि मी मागचे कॅरिअर धरून धावत होतो. इतर मुलांचे बाप चौथ्या दिवशी हात सोडत. मी तीन आठवडे धावलो. मुलगा ओरडायचा, "बाबा, सोडा!" आणि मी म्हणायचो, "अजून कच्चा आहेस." पुढे गणिताचे तेच, नोकरीचे तेच. बिचारा विमानात बसला तेव्हाच माझ्या हातातून सुटला, आणि तेही विमानाला कॅरिअर नसते म्हणून.

दुसरा पत्रा आत गेला. या वेळी घंटी वाजताच मी डोळे मिटले आणि पत्रा बाहेर काढला. कुक्या लदलदत होत्या. "हात नको लावू," नात म्हणाली. आम्ही दोघे ओट्यापाशी हनुवट्या टेकून बसलो. दोन-तीन मिनिटांत फुगीर माथे हळूहळू खाली बसले आणि त्यांना सुरकुत्या पडल्या, तडे गेले. पाच मिनिटांनी त्या उलथन्याने अलगद सुटल्या. एक मी मधोमध धरून वाकवली. ती मोडली नाही, वाकली. खाल्ली तर कडेला किंचित दाताला लागणारी आणि आत मऊ, चिवट, ओलसर. माझ्या आईने ती पाहताक्षणी झाकण कुणी उघडे ठेवले, असे विचारले असते. मी आणखी दोन खाल्ल्या.

संध्याकाळी निळ्या काठाची बशी भरली. हिने शिवाय आपला स्टीलचा एक डबाही भरून दिला.

"डबा कशाला? बशीत मावल्यात की," मी म्हटले.

"बशी दिली की हिशेब संपला. डबा परत करायला त्यांना यावं लागेल ना! एकट्याच असतात. हात बरा झाला की येतील."

सहा महिने तिने मला इंग्रजीत एकही वाक्य बोलून दाखवले नव्हते, पण शेजार तिने जमवला होता.

आजीबाईंनी डाव्या हाताने एक कुकी उचलली, अंगठ्याने मध्यभाग दाबून पाहिला आणि नातीला विचारले, "किती मिनिटं?"

"दहा," नात म्हणाली. सोळा मिनिटांचा उल्लेख तिने केला नाही. या मुलीला माणसे सांभाळता येतात.

रात्री पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा होता. चिरंजीव टेबलाशी बसून चहात काहीतरी बुडवत होते. पहिल्या पत्रावरच्या त्या बदामी कौलांचा निम्मा ढीग संपला होता.

"अरे, त्या बिघडलेल्या आहेत. चांगल्या त्या डब्यात आहेत."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण बाबा, ह्या अगदी भट्टीवरच्यासारख्या झाल्यात. मला ह्याच आवडतात. कडक."

मी त्याच्यासमोर बसलो. त्याने कप पुढे सरकवला आणि आम्ही एकाच चहात बुडवून त्या खाल्ल्या. सायकलचा विषय मी काढला नाही. त्यानेही काढला नाही.

झोपायला जाण्यापूर्वी मी दोन्ही डबे आवरले. मऊ कुक्या मऊच राहाव्यात म्हणून तिथले लोक डब्यात पावाचा एक तुकडा ठेवतात. पाव वाळतो आणि त्याची ओल कुक्यांत उतरते. बिस्किटे जाणूनबुजून सादळवण्याची ही शास्त्रोक्त युक्ती मी नातीच्या हुकमाप्रमाणे अमलात आणली. दुसऱ्या डब्यात उरलेल्या कडक कुक्या भरल्या आणि त्याचे झाकण मात्र दोनदा दाबून, नीट बसल्याची खात्री करून लावले. आईची शिकवण आहे.