शेंडेफळ

मराठी भाषेत 'शेंडेफळ' या शब्दाइतका उतावीळ शब्द क्वचितच सापडेल. झाड अजून वाढत असताना त्याचा शेंडा कोणता, हे ठरवावयाचे कोणी? मोठ्या कुटुंबात ही पदवी दर दोन-अडीच वर्षांनी एकाच्या मस्तकावरून दुसऱ्याच्या मस्तकावर जाई, आणि पदच्युत झालेल्याची कोणी विचारपूसही करीत नसे. काल आईच्या कुशीत निजलेले मूल आज आजीच्या अंथरुणात जाई, आणि वर त्याला सांगण्यात येई, 'तू आता मोठा झालास हो!' अडीच वर्षांच्या वयात ज्याला असा मोठेपणाचा अभिषेक होतो त्याचा चेहरा एकदा तरी पाहावयास हवा.

नव्या बाळाचे स्वागत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बारसे, पाळणा आणि घुगऱ्या उभ्या राहतात. भरल्या घरातील खरे स्वागत मात्र त्यापूर्वीच सुरू झालेले असे, आणि ते मुख्यतः सरकून बसण्याच्या स्वरूपाचे असे. सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी आमचे घर होते. १९५८ साली त्या घरात आम्ही पाच भावंडे, काकांची पाच, अशी दहा मुले नांदत होतो. अकराव्याची चाहूल लागली तेव्हा माळ्यावरचा पाळणा खाली आला, त्याच्या दोऱ्या बदलल्या, आजीच्या विटक्या लुगड्यांची दुपटी झाली. नवजात बालकास कोरे वस्त्र घालावयाचे नाही, असा आपल्याकडे दंडक आहे. दहा अंगांवरून धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले झबले त्याची वाट पाहत होते. म्हैस एकच, बाळंतिणीसाठी अहळिवाची खीर सुरू होताच आमचे दुधाचे पेले बोटभर खाली आले. पंगतीत पाट अधिक जवळ आले. कुणी कुरकुर केली नाही असे नाही, पण जागा झाली.

बाळ जन्मले, मुलगी झाली. माझ्या पाठच्यांसह आम्ही चार बहिणी आणि एक भाऊ होतोच. ही पाचवी मुलगी. पाचव्या रात्री पाटा-वरवंटा पुजून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून घरातील बायकांनी सटवाईची वाट पाहिली. सटवाई कपाळावर काय लिहिते ते कुणास वाचता येत नाही. नाव ठेवण्याचे काम तेवढे तिने माणसांवर सोपवले आहे. आजीने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकले, "पोरीचं नाव नकुसा ठेवा. म्हणजे पुढचा मुलगा होईल." एकुलता मुलगा म्हणजे एकच डोळा, असे तिचे गणित होते.

इथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवण्याची चाल होती. आधीची मुले दगावली की पुढच्यास असे तुच्छतेचे नाव द्यावयाचे. हेतू हा की यमदूताने त्याकडे ढुंकूनही पाहू नये. या नावांचा ओबडधोबडपणा म्हणजे मायेने घेतलेले सोंग होय. 'नकुसा'ची जात वेगळी आहे. तीत सोंग नाही. ती दैवाकडे केलेली उघड तक्रार आहे, आणि तक्रारीचा कागद म्हणून एका जिवंत मुलीचा उपयोग केलेला आहे. दोन्ही नावे एकाच तोंडांतून निघत, एकाच पाळण्यावर उच्चारली जात. परंतु पहिल्यात मृत्यूला फसवावयाचे असे आणि दुसऱ्यात मुलीला तिची किंमत कळवावयाची असे.

नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा. आमची आत्या बारशाच्या आदल्या संध्याकाळी आली. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचे निखारे पोचविण्याचे काम नऊ वर्षांच्या माझ्याकडे होते, त्यामुळे ओवा-वेखंडाच्या त्या धुरात जे बोलणे झाले ते माझ्या कानी पडले. आई म्हणाली, "वन्सं, नकुसा म्हणू नका. ही मला हवी आहे. नको आहे ते पुढचं बाळंतपण."

आत्या काही वेळाने म्हणाली, "बरं वहिनी." एवढेच.

भरल्या घराचे गोडवे गाणाऱ्या लेखांत या वाक्याला जागा मिळत नाही. आठवा म्हणून श्रीकृष्ण मिळाला, चौदावे अपत्य म्हणून डॉ. आंबेडकर मिळाले, असे पुष्कळदा सांगतात. रामजी सकपाळ यांच्या त्या चौदा अपत्यांपैकी तीन मुलगे आणि दोन मुलीच जगल्या, आणि भीमराव जेमतेम पाच-सहा वर्षांचे असताना त्यांची आई भीमाबाई निवर्तली, हा भाग सांगावयाचा राहून जातो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाच्या कार्यास आरंभ केला आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. १९५२ पासून सरकारनेही कुटुंबनियोजन हाती घेतले. यातला एकही शब्द आमच्या माजघरापर्यंत आला नव्हता. आईजवळ उपाय नव्हता. तिने निदान दोन 'नको'ंची सरमिसळ होऊ दिली नाही.

बारसे झाले. आधी वरवंट्यास कुंची चढवून तो पाळण्याच्या वरून-खालून फिरवला, मग बाळ. आत्याने वाकून तिच्या कानात काही सांगितले. क्षणभर ते नाव फक्त त्या दोघींचेच होते. मग तिने मोठ्याने सांगितले: आमच्या नदीचे नाव. आजीच्या हातातील घुगऱ्यांचे ताट तसेच राहिले. "अगं, ठरलं काय होतं?" ती म्हणाली. "आई, मला तेच ऐकू आलं," आत्या म्हणाली.

आजी रागावली खरी. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पाय पसरून, नातीला त्यांवर पालथी घालून, तेल जिरवीत तीच बसली होती. आणि नदीच्या नावाचे एक आखूड, लाडके रूप दुपारपर्यंत तिनेच तयार केले. आजीचे तोंड आणि तिचे हात यांचे फारसे पटत नसे. पुढे आईला आणखी मूल झाले नाही. त्यामुळे आमच्या घरात 'शेंडेफळ' ही पदवी प्रथमच एका ठिकाणी स्थिर झाली.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे झालेल्या समारंभात नकुसा-नकोशी अशा नावांच्या 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. तोवर राज्यातील पाळणे पुष्कळ विरळ झाले होते. २०१९-२१ च्या पाहणीत तर महाराष्ट्रात स्त्रीमागे सरासरी १.७ मुले भरली. घर लहान झाले म्हणून ते नाव आपोआप गेले नव्हते, हे त्या समारंभाने दाखविले. ती बातमी वाचून आमच्या शेंडेफळाने मला दूरध्वनी केला. बारशाची हकीकत तिला आईने केव्हाच सांगितली होती. ती म्हणाली, "ताई, या मुलींना आत्या नव्हत्या का ग?"

होत्या, मी म्हटले. बहुतेकींच्या कानात ते नाव त्यांनीच सांगितले असेल.