आत किती, बाहेर किती

२००५च्या आसपास मिळणाऱ्या संगणकाच्या बऱ्याच कॅबिनेटांच्या बाजूच्या पत्र्याला आतून एक प्लास्टिकचं नरसाळं असायचं. डबा लावताना ते आडवं यायचं, म्हणून कित्येक जण ते उपटून टाकत. पण ते शोभेचं नव्हतं. इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना एक मापदंड घालून दिला होता : खोलीत ३५ अंश सेल्सिअस असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी येणारी हवा ३८ अंशांच्या वर जाता कामा नये. बाहेरची हवा थेट पंख्याच्या तोंडाशी आणायची, हे त्या नरसाळ्याचं काम. हिशेब चोख होता. फक्त त्यांनी धरलेली तापलेली खोली म्हणजे आमची होळी. जालन्यात त्याच्यापुढे चैत्र-वैशाख उभे असतात, आणि मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत बेचाळीस-त्रेचाळीस अंश झाले तर कुणी त्याची बातमी करत नाही.

हा मापदंड मी पुष्कळ नंतर वाचला. तापलेल्या यंत्राकडे बघायचं कसं, ते त्याआधीच वडिलांकडून शिकून झालं होतं. त्यांनी जन्मात कधी संगणक उघडला नव्हता.

अण्णा एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्यात फर्नेसच्या मेंटेनन्सला होते. जालन्याच्या सळईच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर असतात. पण सळई होण्याआधी काय होतं, हे खुद्द जालन्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवतात. आत लोखंड सोळाशे अंशांच्या घरात असतं. मध्ये अस्तराची एक भिंत, आणि तिच्या पलीकडे लगेच तांब्याच्या नळीचं वेटोळं, म्हणजे कॉइल. तांबं १०८५ अंशांना वितळतं. तरी ते टिकतं, कारण नळी पोकळ असते आणि तिच्यातून पाणी सतत फिरत असतं. वीज तांब्यातून आणि पाणी तांब्याच्या पोटातून. पाणी अडलं की कॉइल गेलीच म्हणून समजायचं.

रात्री-अपरात्री कारखान्यातून निरोप यायचा, "अण्णा, फर्नेस ट्रिप होऊ लागली." अण्णा अंथरुणातूनच विचारायचे, "आत किती, बाहेर किती?" कॉइलमध्ये जाणारं पाणी किती अंशाला आणि निघणारं किती अंशाला, एवढंच त्यांना हवं असे. "पाणी लई गरम येऊ लागलं" असं मोघम उत्तर मिळालं की ते चिडायचे. उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचंच पाणी गरम, त्यात नवल ते काय! दोन्हींतला फरक वाढला असेल, तर कुठेतरी पाणी कमी जातंय, नळीत क्षार धरलाय. फरक रोजचाच असेल, तर कॉइल ठणठणीत आहे, टॉवर बघा. गरम वस्तू फरकाच्या प्रमाणात थंड होते, हे न्यूटनने १७०१ साली मांडून ठेवलं आहे. अण्णांना त्याचं नाव घ्यायची गरज कधी पडली नाही.

संगणकाची माझी पहिली ओळख मात्र गारव्यात झाली. नव्वदीच्या मध्यात नव्या जालन्यातल्या एका क्लासमध्ये आम्ही चपला बाहेर काढून जायचो. गावातल्या मोजक्या एसी खोल्यांपैकी ती एक. आम्ही फी भरत होतो ती डॉसच्या आज्ञांसाठी की त्या थंड हवेसाठी, हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तिथल्या ४८६ यंत्रांवर उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक आणि इवलासा पंखा होता. त्याआधीचे ३८६ तर उघडेच असत, त्यांना कसलं आच्छादन लागत नसे. पुढे दहा वर्षांत सगळं बदललं. फेब्रुवारी २००४ मध्ये पेंटियम फोरची प्रेस्कॉट ही आवृत्ती आली. तिच्यातली काही मॉडेलं नखाएवढ्या जागेतून शंभर वॉटच्या वर उष्णता ओकत. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलने चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेत सोडून दिला. वेगाच्या त्या शर्यतीला उष्णतेनेच लगाम घातला, असं माझं मत आहे. २००६ मध्ये कोअर टू ड्युओ ६५ वॉटांवर आला, तेव्हा दुरुस्तीवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

आमच्या घरी नेमका प्रेस्कॉटच आला. हप्त्यांवर घेतलेला, जुन्या जालन्यातल्या पत्र्याच्या खोलीत. एमकेसीएलने २००२ मध्ये सुरू केलेल्या एमएस-सीआयटीची तेव्हा लाट होती आणि गल्लीतली पोरं सरावाला आमच्याकडे येत. भारनियमनातून वाचलेल्या तासांत यंत्र लावायचं आणि थोड्याच वेळात ते बंद. पडद्यावर ना निळा रंग, ना काही संदेश, गपकन अंधार. लगेच बटण दाबलं तर चालू होत नसे, चहा पिऊन आलं की व्हायचं. विक्रेत्याचं निदान ठरलेलं : "एसएमपीएस बदला." चहापुरतं थांबून सुरू होणं ही उष्णतेची खूण आहे, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा सुटा भाग, विकायला सोपा असतो.

अण्णांनी एक तळहात डब्याच्या पाठीमागच्या जाळीला लावला आणि दुसरा पुढच्या तोंडाशी. "ह्याला आत कितीची हवा मिळू लागली?" खोलीत भिंतीवर थर्मामीटर होता, ४१ दाखवत होता. तोच त्यांनी डब्यापुढे ठेवला. पारा ५० च्या वर गेला. डबा होता संगणकाच्या टेबलाखालच्या कप्प्यात, तीन बाजूंनी प्लायवूड. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच वळून पुन्हा पुढून आत शिरत होती. डबा बाहेर काढून फरशीवर, दोन विटांवर ठेवला, पाठ खिडकीकडे केली. बायॉसमधला प्रोसेसरचा आकडा त्या दुपारीच दहाएक अंशांनी उतरला. नवीन काही विकत आणलं नाही. तसली कप्प्यांची टेबलं आजही विकली जातात, आणि डबा सामावून घेणारं फर्निचर घडवणाऱ्याने एकदा तरी स्वतः त्यात बसून बघावं, असं मला वाटतं.

पुढे मी दुरुस्तीतच पडलो आणि अण्णांचा प्रश्न घेऊन फिरू लागलो. गिऱ्हाईक सांगतं, "भाऊ, ऐंशी दाखवू लागलं." ऐंशी एकटं काही सांगत नाही. मे महिन्यात खोलीत ४२ आणि भरकामात प्रोसेसर ८०, म्हणजे ३८ चा फरक. यंत्र बिचारं चांगलं आहे. पौषातल्या सकाळी खोलीत १८ आणि त्याच कामाला तेच ८०, म्हणजे ६२ चा फरक. लगेच उघडायला हवं. गंमत म्हणजे लोक उन्हाळ्यात घाबरून येतात आणि हिवाळ्यातला खरा बिघाड कुणाच्या ध्यानातच येत नाही. तुलना मात्र सारख्या कामाची करायची. बायॉसमध्ये प्रोसेसर पुरता विसावत नाही, त्यामुळे तिथला आकडा विंडोजच्या रिकाम्या पडद्यापेक्षा जास्त दिसतो. त्याला बघून प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधल्या पेस्टचं बिल लावणारे मी पाहिलेत.

फरक मोठा निघाला की दुसरा प्रश्न : आकडा चढतो कसा? जड काम दिल्याबरोबर, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच नव्वदच्या वर गेला, तर प्रोसेसर आणि हीटसिंकची गाठच नीट पडलेली नाही. हळूहळू, दहा-पंधरा मिनिटं घेत चढला, तर गाठ ठीक आहे, हवा अडलीय. खात्री करायला हीटसिंकला बोट लावायचं. प्रोसेसर ९५ आणि हीटसिंक कोमट, याचा अर्थ उष्णता वरपर्यंत पोचतच नाही. हीटसिंकच चटका देत असेल तर ती पोचली आहे, पण तिला न्यायला हवा आलेली नाही.

गाठ सुटण्याचं हमखास कारण म्हणजे २००४ पासून इंटेलच्या पंख्यांना आलेल्या त्या चार काळ्या प्लास्टिकच्या पिना. चारांपैकी तीन टक्कन बसतात, चौथी बसल्यासारखी दिसते. मदरबोर्डच्या पाठीमागून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि पाठीमागून बघायला बोर्ड बाहेर काढावा लागतो, म्हणून कुणी बघत नाही. दुसरं कारण पेस्ट. चारेक उन्हाळे गेले की ती खडूसारखी सुटते. मग नवी लावणारे सढळ हाताने थापतात. तांबं सुमारे ४०० या हिशेबाने उष्णता नेत असेल, तर चांगली पेस्ट त्याच मापाने जेमतेम पाच-आठ. हवा मात्र ०.०२६. म्हणजे पेस्टचं काम दोन धातूंमधल्या न दिसणाऱ्या खाचांतून हवा हुसकण्याचं. त्यापलीकडे तिचा थर हा उष्णतेच्या वाटेतला अडथळाच. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसायची, मध्यभागी मटाराच्या दाण्याइतकी नवी ठेवायची आणि हीटसिंक सरळ खाली दाबायचा. बाकी तो पसरवतो.

हवा अडवणारी धूळ मात्र प्रत्येक गावाची वेगळी. एमआयडीसीच्या बाजूला डबा उघडला की बोट काळं होतं. ती भुकटी लोखंडाची असते, म्हणून मी ती आधी ब्रशने बाहेर काढतो, नुसती फुंकत नाही. परतूर, मंठा, अंबड, घनसावंगीकडे कापसाची रुई. दिवाळीपासून जिनिंगं सुरू होतात, ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात, आणि तंतू हवेत असतात. पंखा ते ओढतो, आणि पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या पात्यांवर, त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसतो. वरून बघणाऱ्याला पंखा फिरताना दिसतो, त्याची पातीही स्वच्छ वाटतात. पंखा काढल्याशिवाय हा थर दिसत नाही. तो चिमटीत धरून अख्खा उचलून गिऱ्हाइकाच्या हातात दिला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

काही हुशार मंडळी डबा उचलून थेट पंक्चरच्या दुकानात नेतात. तिथल्या हवेला जोर असतो हे खरं, पण कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि तेही बोर्डावर फवारलं जातं. वर पंखा मोकळा सोडला तर त्या झोताने तो असा काही गरगरतो की बेअरिंग जातं. साधा ब्लोअर पुरतो.

कूलरचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. आमच्या कोरड्या हवेत कूलर खोली आठ-दहा अंशांनी उतरवतो, आणि फरक तोच राहत असल्याने प्रोसेसरही तेवढाच उतरतो. याहून स्वस्त उपाय नाही. पण कूलरच्या ऐन तोंडासमोर डबा ठेवला तर तुषार आत जातात, आणि बोअरचं पाणी जड असल्याने पात्यांवर पांढरे क्षार बसतात. तेव्हा झोत खोलीत सोडायचा, डब्यावर नव्हे. २०१२-१३ च्या दुष्काळात तर हाही उपाय राहिला नाही. टँकरची वाट बघणाऱ्या घरात कूलरमध्ये पाणी ओतायचं कुणी? त्या उन्हाळ्यात दुकानादुकानांतले डबे पत्रा काढून उघडे चालले, आणि पावसाळ्यात ते सगळे धुळीने भरून माझ्याकडे आले.

२०१७ च्या पावसाळ्यात कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. घनसावंगी तालुक्यातल्या एका केंद्रावर पहाटेपासून रांग. खोलीत माणूस हलायला जागा नाही, दारं-खिडक्या माणसांनीच बंद. चालक पोरगा रडकुंडीला आला होता. "काका, सर्व्हर डाउन, आणि शिव्या मला." सर्व्हर त्या दिवसांत अडखळत होता हे खरंच. पण त्याच्या यंत्रावर माउसचा बाणसुद्धा अडकत होता, आणि तो काही सर्व्हरचा दोष नव्हे. प्रोसेसर मर्यादेला टेकून स्वतःचा वेग कापत होता. बाहेर पावसाची हवा, खोलीत ३१, प्रोसेसर शंभराच्या काठावर. रुईचा थर निघाला, पेस्टची पूड झाली होती. चहाच्या टपरीवर डबा उघडून साफ केला, तोवर रांगेतल्या एका आजोबांनी माझ्याकडे बघत विचारलं, "कर्जमाफी ह्याच्यात अडकली व्हती काय?"

आता लेकीकडे नवं यंत्र आहे. ती व्हिडिओ जुळवते आणि पडद्याच्या कोपऱ्यात तापमान लावून ठेवते. "बाबा, ब्याण्णव!" अशी हाक दुपारी येतेच. मी खोलीतला आकडा विचारतो, ती डोळे फिरवते. खरं तर तिच्या प्रोसेसरमधला संवेदकही थेट तापमान सांगतच नाही. मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढंच तो मोजतो, आणि सॉफ्टवेअर वजाबाकी करून आपल्याला आकडा दाखवतं. हे तिला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिने थर्मामीटर कुठे आहे ते विचारलं. मे महिन्यापुरतं आम्ही विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभराऐवजी ९९ टक्के ठेवतो. त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरने वेग आपोआप वाढवणं, बंद होतो, व्हिडिओ जरा उशिरा तयार होतो, आणि पंख्याचा कल्ला थांबतो. प्रोसेसरवर हजारो रुपयांचा पाण्याचा कूलर बसवण्याआधी हा फुकटचा उपाय करून बघायला कुणाची हरकत नसावी.

तेव्हा वाचकहो, शिवरात्र झाली, जिनिंगं थंडावली की एकदा डबा अंगणात न्या. प्लग काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा, पंखा सोडवून खालचा थर बघा. यंत्र परत लावल्यावर रोजचं एक जड काम पाव तास चालवा, आणि खोलीचं व प्रोसेसरचं अशी दोन्ही तापमानं तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी तो पत्रा मी उघडो की दुसरा कुणी मेकॅनिक, निम्मं काम त्या चिठ्ठीनेच झालेलं असेल.