म्हातारपण आणि दुखणें

म्हातारपण हें मोठें सोयीचें गाठोडें आहे. घरांतल्या वृद्धाचें कोणतेंहि दुखणें त्यांत बांधून टाकावें आणि निश्चिंत व्हावें. माणूस निदान कुरकुर तरी करतो. मुक्या जनावराला तीहि सोय नाहीं.

औंधांत, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशीं, आमचा अकरा वर्षांचा वाघ्या गेल्या पावसाळ्यांत असाच 'म्हातारा' ठरला. भिंतीशीं पाय उचलून तो बराच वेळ तिष्ठत राही, आणि पडत ते चारच थेंब. पुढें त्यांवर तांबूस झांक आली. मागचे पाय आंखडीत तो चाले आणि आवडती भाकरी हुंगून सोडी. 'वय झालें, प्रोफेसरसाहेब !' असा आळीचा एकमुखी निकाल पडला. मीं थर्मामीटर लावला. कुत्र्याचें अंग माणसाहून मुळांतच ऊन. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हें त्याचें नेहमींचें मान. आंकडा १०४ वर गेला होता, आणि म्हातारपणानें कोणाला ताप चढल्याचें मीं ऐकलेलें नाहीं.

पशुवैद्यांनीं सांगितलेलें मर्म ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. खच्ची न केलेल्या नराची, मूत्राशयाच्या मुखाशीं असलेली प्रोस्टेट ग्रंथि उतारवयांत बहुधा वाढते. तींत मूत्रमार्गानें जंतु शिरले कीं ताप, रक्त आणि कळा सुरू होतात. अशा वेळीं लघवींतील जंतु प्रयोगशाळेंत वाढवून, त्यांवर कोणतें औषध चालतें हें पाहावें लागतें. शिवाय तें औषध ग्रंथींत झिरपणारें हवें. तें ४ ते ६ आठवडे द्यावें लागतें. दोन दिवसांत शेपटी हलूं लागली म्हणून गोळ्या थांबविल्या, तर दुखणें उलटतें. प्रकृति सांवरल्यावर खच्चीकरण केलें म्हणजे ग्रंथि आटते. आपल्या कपाटांतली आयबुप्रोफेनची गोळी त्याला विषासमान. आणि लघवी साफच अडली, तर सकाळची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. सातारा जिल्ह्यांत शिरवळास १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हां 'आमच्याकडे याला कोण बघणार?' ही सबबहि राहिलेली नाहीं.

शस्त्रक्रियेचें नांव निघतांच घरांत कुजबुज झाली : 'या वयांत कशाला ?' मला हा प्रश्न रोगाहून भयंकर वाटला. धर्मराज स्वर्गाच्या दारांत कुत्र्यासाठीं अडून बसला, ही कथा आपण नातवंडांस मोठ्या कौतुकानें सांगतों. आपल्या वांट्याला एवढी कसोटी येत नाहीं. सहा आठवडे भाकरींत गोळी दडविण्याची चिकाटी, एवढेंच मागणें असतें. वाघ्याला आतां बारावें सरत आलें. तो म्हातारा आहे, यांत शंका नाहीं. आजारी मात्र नाहीं.